दोन झटके

११ मार्च १९७९

आज सकाळी पावणेअकरा वाजता माझं सगळं बदललं. वेळ नक्की ठाऊक आहे, कारण ड्रेसिंगच्या खोलीतलं घड्याळ तिच्या डोक्याच्या बरोब्बर वर टांगलेलं आहे.

मुलांच्या या दवाखान्यात लागून सहावा दिवस. आतापर्यंत काम काय — खाटा सरकवा, सिलिंडर ढकला, वॉर्डात घुसलेले नातेवाईक हाकला. आज आमच्या आयाची, अंजनाबाईची, कंबर धरली होती. पोरं धरायचं काम एरवी तिचं. मग बड्या साहेबांनी मला हाक मारली. "ए, नवीन! इकडे ये. पोर धर."

पोर वर्षाचं. तापात झटका आलेला. डोळे फिरवले, दातखीळ बसली, तेव्हा आजीनं आधी चप्पल हुंगवली, मग कांदा फोडून नाकाशी धरला. पोराच्या अंगाला अजून कांद्याचा वास येत होता. साहेबांचा नियम असा, की ताप आणि झटका म्हणजे पाठीतलं पाणी काढायचंच! मेंदूभोवती जे पाणी असतं तेच कण्यातून खाली येतं. कमरेजवळ सुई घालून चार थेंब घेतले की कळतं, नुसता तापाचा झटका आहे की मेंदूज्वर. स्वच्छ निघालं तर दोन दिवसांत घरी. गढूळ निघालं तर मग देवाचं नाव.

मी धरलं. पोर असं किंचाळलं की माझे हातच ढिले पडले. आणि टेबलाच्या पलीकडून, साहेबांच्या खांद्याशी बाटली घेऊन उभी असलेली ती म्हणाली —

"घट्ट धरा! सोडलं तर सुई हलेल. दया नंतर करा."

दया नंतर करा! कॉलेजात दीड वर्ष घासलं, असं एक वाक्य कुणी शिकवलं नाही.

मी घट्ट धरलं. तिनं बाटली सुईखाली नेली आणि ओठांतल्या ओठांत थेंब मोजले. थेंब कसे होते ते मी पाहिलंच नाही.

नाव गोपिका. नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. पारशिवनीकडची.

१२ मार्च

तिनं आज मला "ताराचंदभाऊ" म्हटलं. भाऊ! सत्यानाश.

१८ मार्च

अंजनाबाईनं कायमचं काम माझ्याकडे दिलं. म्हणाली, "तुह्या हातात जोर हाय गा. मले आता वाकवत नाही. पण पोराले दाबू नोको, गुंडाळ. थंडीत कुत्र्याचं पिल्लू झोपते ना, तसं."

जमलं. पोराला कुशीवर घ्यायचं, एक हात मानेमागून, एक गुडघ्यांमागून, आणि सगळं पोर आपल्या पोटाशी गोळा करायचं. पाठ आपोआप कमानीसारखी बाहेर येते. हाडांमधल्या फटी उघडतात. पोर हललं तर सुई भलतीकडे टोचते, पाण्यात रक्त मिसळतं आणि सगळी तपासणी वाया. म्हणजे सुई साहेबांची, पण भरवसा माझ्यावर! आज बडे साहेब म्हणाले, "हात स्थिर आहेत तुझे."

स्थिर! याच हातांनी जानेवारीत डेमॉन्स्ट्रेटरच्या कानाखाली वाजवली होती. सगळ्या वर्गापुढं माझं जर्नल खिडकीबाहेर फेकलं त्यानं, वर म्हणाला, "संत्री विका काटोलला जाऊन." मी वाजवली. प्रिन्सिपॉल म्हणाले, माफी माग. नाही मागितली. बी.एस्सी. पार्ट टू तिथंच संपलं. बाबा तेव्हापासून बोलत नाहीत. आईची पत्रं येतात, बहिणीच्या अक्षरातली. 'बाबा बरे आहेत' एवढंच बाबांबद्दल.

या आठवड्यात पाच पोरं. पाच वेळा ती समोर. टेबल दोन फुटांचं. मधे पोर.

२५ मार्च

आज एकही झटक्याचं पोर आलं नाही. दिवस फुकट गेला.

— वरची ओळ आत्ता वाचली. मी माणूस आहे का?

२ एप्रिल

बडे साहेब परवा निवृत्त झाले. त्यांच्या जागी डॉ. घाटोळे. तरुण आहेत, चष्मा, बोलणं भरभर. पहिल्याच राउंडला सगळ्यांना उभं करून सांगितलं —

"प्रत्येक पोराच्या पाठीत सुई घालायची काही गरज नाही. शंभरातल्या नव्वद-पंच्याण्णव पोरांचं पाणी स्वच्छच निघतं. उगाच पोराला त्रास. वर्षाच्या आतलं पोर, मान ताठ, झटक्यानंतर शुद्धीवर न येणारं, एकाच तापात दोनदा झटका आलेलं — यांचंच काढायचं. बाकीच्यांचा ताप उतरवा, ताप कशानं आला ते शोधा."

गोपिका मान हलवत होती. तिला पटलं. चेहऱ्यावर अगदी उजेड पडला होता.

मलाही पटायला पाहिजे. पोरांना सुई नको, चांगलंच आहे की! पण दुपारभर खिडक्यांना लावलेल्या वाळ्याच्या ताट्यांवर पाणी मारत होतो आणि डोक्यात एकच — आता ती समोर कधी येणार?

९ एप्रिल

आठ दिवसांत एकही नाही. ती वॉर्डाच्या त्या टोकाला, मी या टोकाला. येता-जाता "ताराचंदभाऊ, ती खाट जरा" — बस.

हुडकेश्वरला खोली घेतली तेव्हा वाटलं होतं, गावाबाहेर आहे, शांत आहे, प्रायव्हेट परीक्षा देऊ. शांत! संध्याकाळी सायकल लावली की सकाळी सायकल काढेपर्यंत माझ्याशी कुणी एक शब्द बोलत नाही. घरमालक नानाजी बहिरे आहेत. काल मी मोठ्यानं म्हणून पाहिलं — "गोपिका." नुसतं, आवाज कसा वाटतो ते बघायला. भिंतीला पण ऐकू आलं नसेल.

१५ एप्रिल

कालचं आज लिहितो. लिहिलं नाही तर डोकं फुटेल.

काल चौदा एप्रिल, बाबासाहेबांची जयंती. अंजनाबाईनं आदल्या दिवशीच बजावलं होतं — "उद्या मले कोणी हाक मारू नका. उद्या माहा दिवस हाय." त्यामुळं दारावर मी एकटा. येणाऱ्या पोराचं नाव-गाव विचारा, ताप किती दिवस, झटका कधी, किती वेळा, ते आत सांगा — हे सगळं माझ्याकडे.

अकराच्या सुमारास काटोलच्या मोटारीनं एक जोडपं आलं. चंपतराव आणि त्याची बायको. कडेवर छबी, पावणेदोन वर्षांची. तीन दिवस ताप. गावच्या डॉक्टरनं दोन इंजेक्शनं दिलेली. मी बाईला विचारलं, "झटका किती वेळा आला?"

"एकच डाव जी. मोटारीत. कळमेश्वराच्या अलीकडे."

मी पोरीला आत टेबलावर ठेवलं; गोपिका ताप पाहून गेली, आई उचल-ठेव करत होती. डॉक्टर आले तेव्हा बाई फडकं भिजवायला नळावर गेलेली, चंपतराव दाराबाहेर. डॉक्टरांनी मान वाकवून पाहिली. ताठ नव्हती. डोळ्यांत उजेड मारला. म्हणाले, "किती झटके?"

गोपिका केसपेपर घेऊन उभी होती. पेन उघडं. बारा दिवसांनी एवढ्या जवळ.

मी म्हणालो, "दोन. एक घरी, एक मोटारीत."

असं सहज आलं तोंडातून! विचार केला असंही नाही. डॉक्टर म्हणाले, "एकाच तापात दोन? मग काढावं लागेल. ट्रे लावा, सिस्टर." गोपिकानं एक क्षण माझ्याकडं पाहिलं. मग लिहिलं.

चंपतराव अडून बसला. "पाठीचं पाणी? नाही जी! आमच्या गावातल्या धोंडबाच्या पोट्ट्याचं काढलं, लंगडं झालं ते." मी त्याच्या अंगावर धावूनच गेलो. "अन् मेली मंग? मेली तर चालते का तुले?" लाज वाटते लिहायला, पण तेव्हा मला खरंच राग आला होता. माझ्या खोट्याच्या आड येतो म्हणून त्याचा राग! त्यानं अंगठा दिला.

धरली. बाकीची पोरं किंचाळतात. ही नुसती कण्हली. मी गोपिकाकडं बघत होतो. बघत होतो, आणि तिचा चेहरा बदलला. तिनं थेंब मोजले नाहीत. डॉक्टरांनी बाटली खिडकीच्या उजेडात धरली.

तांदूळ धुतल्यावर जसं पाणी दिसतं ना, तसं.

"मान तर मऊ आहे हिची!" डॉक्टर म्हणाले. "त्या इंजेक्शनांनी सगळी लक्षणं झाकली. दुसरा झटका कळला नसता, तर मी औषध देऊन हिला घरी पाठवली असती."

मी मागच्या अंगणात गेलो आणि नळाखाली डोकं धरलं.

१७ एप्रिल

पोरगी जगतेय. पेनिसिलिन चालू. आज दूध प्यायली.

राउंडला छबीची आई आपणहून म्हणाली, "साहेब, एकच डाव आला होता जी झटका." डॉक्टर हसले. पुढं गेल्यावर मला म्हणाले, "बघितलंस? अजून लपवते. पोरगी आहे ना. दोनदा झटका आला म्हटलं की गावात मिरगी म्हणतात, पुढं लग्नाला आडवं येतं. तू तिच्याकडून काढून घेतलंस. शाब्बास!"

म्हणजे आता खोटी ती ठरली. आणि शाब्बास मी.

चंपतराव तर वॉर्डभर सांगत फिरतो, "या भाऊनं नुसतं पाहून ओळखलं!" बाया पोरं घेऊन माझ्याकडं येतात. "भाऊ, याच्याकडे पाहा ना जरा." मी पाहतो. काय पाहायचं असतं?

अंजनाबाई म्हणाली, "काहून गा, एक दिवस मी घरी काय रायली, तू डाक्टर झाला?"

२२ एप्रिल

मागच्या ओट्यावर बसून मी सिलिंडरची चावी घासत होतो. ती आली. उभीच राहिली.

"छबीची आई खोटी नाही."

मी चावी उलटी केली, दुसरी बाजू घासायला घेतली.

"ताप पाहाले गेली होती मी, तेव्हा मलेही एकच म्हणाली ती. तुम्ही साहेबांना दोन सांगितले."

"मग तुम्ही दोन काहून लिहिले?"

ती बाजूला बसली. ओट्यावर. माझ्या बाजूला.

"मी पाहून राहिली होती त्या पोरीले, तुम्ही आत आणल्यापासून. टेबलावर टाकली तर गप्प. आईनं उचलली की रडे. खाली ठेवली, पुन्हा गप्प. पोर आईच्या मांडीवर शांत होते ना? हे मांडीवर रडत होतं. उचललं की पाठ वाकते, अन् पाठ वाकली की दुखते त्याले. मले वाटलं साहेबांना सांगावं. पण दुसऱ्या वर्षाच्या पोरीचं कोण ऐकते? मागच्या वर्षी एकदा बोलली होती, तर मोठ्या सिस्टर म्हणाल्या, तू टेंपरेचर घे, डोकं नको चालवू. सांगू का नको, सांगू का नको, असं चाललं होतं, अन् तेवढ्यात तुम्ही दोन म्हणाले." ती हसली. "मी म्हटलं, यायलेही दिसलं! यायनं तर रस्ताच काढला."

मी चावी घासत राहिलो.

"तुम्हालेही दिसलं होतं ना, ताराचंद?"

भाऊ नाही. नुसतं ताराचंद.

"हाव," मी म्हणालो.

२३ एप्रिल

नुसतं ताराचंद! नुसतं ताराचंद! सायकलवरून हुडकेश्वरपर्यंत मी काय गात होतो मलाच माहीत नाही.

३० एप्रिल

छबी घरी गेली. चालत गेली, बापाचं बोट धरून. चंपतरावानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. "काटोलले आले का घरी येजा. तुमचंच घर समजा."

बाई मागं थांबली. पदर सावरून हळूच म्हणाली, "भाऊ, मी खोटी नव्हती जी. एकच डाव आला होता."

तिला माझ्याकडून एवढंच पाहिजे होतं — 'होय बाई, एकच.' तीन शब्द. गोपिका चार पावलांवर होती.

मी म्हणालो, "विसरा ते आता, बाई."

ती हसली. म्हणजे तोंड हसलं.

५ मे

गोपिका आता रोज बोलते. डब्याच्या वेळी ओट्यावर. तिचा डबा, माझा डबा — माझ्या डब्यात खानावळीच्या पोळ्या, कालच्या. आज तिनं ठेचा दिला. म्हणाली, "रडाल." रडलो. हसली.

पण बोलते कशाबद्दल? पोरांबद्दल. "सात नंबरच्या नाकपुड्या पाहिल्या ना तुम्ही? श्वास घेताना कशा फुलतात." पाहिल्या, म्हणतो. "चार नंबरचं रडणं बदललं का नाही कालपासून?" बदललं, म्हणतो. "तुमच्याशी बोललं की बरं वाटते. बाकी कोणाले सांगावं तर हसतात."

मला काहीही दिसत नाही! आज दुपारी अर्धा तास चार नंबरच्या खाटेशी उभा राहिलो. कान देऊन ऐकलं. रडत होतं. रडणाऱ्या पोरासारखं रडत होतं. त्याच्या आईनं घाबरून विचारलं, "काय झालं जी? काहून असे पाहून राहिले?"

ती ज्याच्याशी बोलते तो कुणी दुसराच ताराचंद आहे. हुशार आहे, मायाळू आहे, पोरांकडं बघतो. मला त्याचा हेवा वाटतो. त्या ओट्यावर तो आणि ती बसतात, मी पलीकडं कुठंतरी. ती बोलत नव्हती तेव्हासुद्धा इतका एकटा नव्हतो मी.

६ मे

रविवार. या वेळी सुट्टी मिळाली. कुणाशीही बोललो नाही.

८ मे

ठरवलं होतं आज सांगायचं. ओट्यावर बसलो, तोंड उघडलं. ती म्हणाली, "थांबा, आधी मी सांगते", आणि गावच्या घराबद्दल सांगत बसली. धाकटा भाऊ तापात गेला, ती नऊ वर्षांची असताना. झटका आला होता. अंगारा लावला, कांदा लावला, दवाखाना लांब. "मी पाहत होती. काहीतरी चुकून राहिलं असं मले दिसत होतं. पण सांगता नाही आलं."

हे ऐकल्यावर आपली थाप कोण सांगेल? मी नाही सांगितलं.

१२ मे

आज काय झालं ते नीट, क्रमानं लिहितो.

सकाळी दहाला मिलमधला एक माणूस बायको-पोराला घेऊन आला, गणपतराव. पोरगा दीड वर्षाचा. ताप एकशे तीन. एक झटका, पहाटे. दोनदा ओकला. डॉक्टरांनी तपासलं. मान ठीक. पण पोरगा पेंगत होता. डॉक्टर चष्मा पुसत म्हणाले, "नियमात बसत नाही. पण छबीनं मला धडा दिलाय. शंका नको, काढून टाकू."

गणपतरावानं पोर छातीशी धरलं. "नाही साहेब. एकुलता एक हाय माहा. लंगडा झाला तं?"

डॉक्टरांनी समजावलं. मोठ्या सिस्टरनं समजावलं. नाही म्हणजे नाही! मग तोच म्हणाला, "तो भाऊ कुठं हाय? काटोलवाल्यांची पोरगी ओळखली तो? माह्या शेजाऱ्याचं पोट्टं होतं तेव्हा याच वार्डात, त्यानं सांगतलं मले. तो भाऊ म्हणत असन काढा, तं काढा. तो नाही म्हणत असन, तं मी पोट्टं घेऊन चाललो."

डॉक्टर हसले. त्यांना वाटलं, सुटलो. "हा काय इथंच उभा आहे. विचारा."

सगळे माझ्याकडं बघायला लागले. बाप, आई, डॉक्टर, मोठ्या सिस्टर, अंजनाबाई. गोपिका टेबलाशी, ट्रे उघडून. तिच्याही डोळ्यांत तेच — सांगा ना, तुम्हाला तर दिसलंच असेल.

'काढा' हा शब्द माझ्या जिभेवर होता. अगदी टोकावर. काढा म्हटलं की ती समोर, दोन फुटांवर. आणि तेवढ्यात मला कळलं की आत आल्यापासून मी तिच्याकडंच बघतोय. उत्तरसुद्धा तिच्याच चेहऱ्यावर शोधतोय. पोराकडं मी एकदाही पाहिलं नव्हतं. त्यानं अंगात काय घातलंय तेसुद्धा मला सांगता आलं नसतं.

डोकं सटकलं. स्वतःवर. कानाखाली वाजवायची तर आता कुणाच्या?

"मले काही समजत नाही!" मी ओरडलोच. "मले काय विचारता? मी डॉक्टर आहे का? त्या पोरीचंही मले काही दिसलं नव्हतं. एकच झटका होता तिले. तिची आई खरं सांगत होती. मी थाप मारली!"



"काय बोलतोस?" डॉक्टर.

"खरं बोलतो, साहेब. दिसलं होतं ते सिस्टरले. यायले विचारा. यायले दिसते."

गणपतराव म्हणाला, "नर्सबाईले काय समजते?"

"तुह्यापेक्षा जास्त समजते!" मी. अंजनाबाईनं माझं मनगट धरलं नसतं तर काय केलं असतं कोण जाणे.

गोपिकाचा चेहरा पांढराफटक. पण आवाज हलला नाही. "साहेब, त्या दिवशी आई मलेही एकच म्हणाली होती. दोन मी लिहिले. ते जे काय आहे ते नंतर बोला मले. आधी या पोराचं. याचं पाणी नका काढू."

"का?"

"आईनं घेतला की गप्प होते. खाली ठेवला की रडते. डावीकडे निजवला की जास्त रडते. अन् मघापासून तो डावा हात कानाकडे नेऊन राहिला. पेंगते म्हणता, तर पहाटे त्याले गल्लीतल्या डॉक्टरनं झोपेचं औषध दिलं, मी आत्ताच आईले विचारलं."

डॉक्टरांनी कानात बॅटरी धरली. बराच वेळ बघितलं. मग सरळ झाले. "पडदा लालबुंद. पू भरलाय." ट्रेकडं पाहिलं. "झाकून ठेवा. वॉर्डात ठेवू याला, दर दोन तासांनी बघू."

मी 'काढा' म्हणालो असतो, तर मी त्याला पोटाशी गोळा करून धरला असता. छान घट्ट. माझे हात स्थिर असतात.

१३ मे

ताप उतरला पोराचा. बिस्किट खातोय.

डॉक्टरांनी दोघांना वेगवेगळं बोलावलं. तिला म्हणाले (तिनं अंजनाबाईला सांगितलं, अंजनाबाईनं मला) — "केसपेपरवर खोटं लिहायचं नसतं, तोंडानं खरं बोलायचं असतं. बोलला असतात तर मी ऐकलं असतं." आणि तरी आज राउंडला प्रत्येक खाटेशी थांबून विचारत होते, "सिस्टर, तुम्हाला काय वाटतं?" मोठ्या सिस्टरचं तोंड बघण्यासारखं!

मला म्हणाले, "तुझ्या थापेनं एक पोरगी वाचली, आणि तुझ्याच थापेनं काल एका पोराला फुकट सुई बसली असती. तुला शाब्बास म्हणू की हाकलू? राहा. पण पुन्हा माहिती विचारायची नाही कुणाला. नुसतं धरायचं."

चंपतरावाच्या घरचा पत्ता रजिस्टरमधून उतरवून घेतला. पोस्टकार्ड टाकलं. 'बाईंना सांगा, झटका एकच होता हे मला माहीत होतं, साहेबांनाही आता सांगितलं आहे.' चंपतरावाला वाचता येत नाही. गावातलं कुणीतरी वाचून दाखवील. चार लोकांत वाचलं तर बरंच.

अंजनाबाई म्हणाली, "खरं बोलाची उबळ आली होती का गा? सांभाळ. उलटीसारखी असते ते, सगळं बाहेर काढते."

गोपिका ओट्यावर आली नाही.

१४ मे

आजही नाही. मी डबा तसाच परत आणला.

१५ मे

दुपारी ड्रेसिंगच्या खोलीत ती एकटी होती. उकळलेल्या बाटल्या चिमट्यानं काढून फडक्यावर उलट्या ठेवत होती. मला पाहून थांबली नाही.

"एकच विचारते. पोरीचं काही दिसलं नव्हतं, तर मग दोन काहून सांगितले?"

काळजी वाटली म्हणून, असं म्हणता आलं असतं. तिनं मानलंही असतं.

"बारा दिवस झाले होते," मी म्हणालो. "पाणी काढायचं असलं की तुम्ही समोर उभ्या राहता. म्हणून."

तिनं दोन बाटल्या ठेवल्या. तिसरी चिमट्यातच राहिली.

"मी मागच्या शुक्रवारी, हे सगळं व्हायच्या आधी, आईले चिठ्ठी टाकली," ती म्हणाली. "तुमच्याबद्दल. म्हटलं, मोठ्या शिक्षणाचं काही नाही, रागीट आहे, पण याले लेकरं दिसतात." मग माझ्याकडं न बघता — "आई येऊन राहिली उद्या. तुम्हाले पाहाले."

आईला काय सांगायचं ते गोपिकानं ठरवायचं होतं; मी बाहेर आलो आणि दार ओढून घेतलं.